वर चढत जाणारा वसंत

आपल्या पंचांगात चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने मानले जातात. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या माणसाला मात्र या ऋतूची चाहूल फाल्गुनातच लागते. माळावरचा पळस फुलांनी पेटून उठतो, पांगारा आणि काटेसावर पानांवाचून लालभडक होतात आणि आंब्याच्या मोहोरातून बारीक कैऱ्या डोकावू लागतात. परंतु त्याच दिवसांत ओढे आटू लागतात, विहिरींचे पाणी खोल जाते आणि डोंगरउतारावरचे गवत वाळून पिवळे पडते. आपल्याकडचा वसंत एका डोळ्याने हसतो आणि दुसऱ्या डोळ्याने चिंता करतो, असे म्हटले तरी चालेल.

हिमालयातील वसंताची रीत निराळी आहे. तेथे वसंत म्हणजे गोठलेले पाणी वाहू लागण्याचा काळ. चार-पाच महिने बर्फाखाली दबलेली जमीन मोकळी होते, झऱ्यांना कंठ फुटतो आणि माणसे, गुरे, पक्षी, मासे हे सगळेच आपापल्या कामाला लागतात. या ऋतूत एखाद्या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात गेले तर काय पाहता येते, काय करता येते, आणि काय करू नये, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे. त्यासाठी आपण हिमाचल प्रदेशाच्या कुल्लू जिल्ह्यातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घेऊ.

उद्यानाची ओळख

चंदीगडहून मनालीकडे जाणारा महामार्ग बियास नदीच्या काठाने कुल्लूकडे जातो. कुल्लूच्या अलीकडे औट नावाचे गाव लागते. येथील लांब बोगद्यात शिरण्यापूर्वीच एक रस्ता उजवीकडे लारजीकडे वळतो. लारजीजवळ सैंज आणि तीर्थन या दोन नद्यांचे पाणी बियासला मिळते. या नद्यांच्या खोऱ्यांतून वर वर जात राहिले की शेते आणि फळबागा मागे पडतात, रस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते. याच पायवाटा पुढे उद्यानात शिरतात.

हे राष्ट्रीय उद्यान स्थापन करण्याचा सरकारचा मनोदय १९८४ मध्ये जाहीर झाला आणि १९९९ मध्ये त्याची अंतिम अधिसूचना निघाली. उद्यानाचे क्षेत्रफळ ७५४.४ चौरस किलोमीटर आहे. त्याला लागूनच सैंज आणि तीर्थन ही दोन वन्यजीव अभयारण्ये आहेत. २०१४ मध्ये युनेस्कोने या सर्व क्षेत्राला जागतिक नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला. उद्यानाच्या पश्चिमेला सुमारे २६५ चौरस किलोमीटरचा एक पट्टा आहे. त्याला 'इकोझोन' असे म्हणतात. या पट्ट्यात शंभराहून अधिक खेडी आणि वाड्या वसलेल्या आहेत. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निर्मनुष्य अरण्य उभे राहते. परंतु या अरण्याच्या उंबरठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहत आली आहेत, ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवली पाहिजे. पुढे तिचे महत्त्व आपल्या ध्यानात येईल.

डोंगर चढणारा ऋतू

या उद्यानाचा सर्वांत खालचा भाग समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहूनही कमी उंचीवर आहे, तर सर्वांत उंच शिखरे सहा हजार मीटरच्या वर गेलेली आहेत. सर्वसाधारणपणे उंची एक हजार मीटरने वाढली की हवेचे तापमान सुमारे सहा अंश सेल्सिअसने उतरते. त्यामुळे एकाच दिवशी या डोंगराच्या पायथ्याशी एक ऋतू असतो, मध्यावर दुसरा आणि माथ्यावर तिसरा. सपाट प्रदेशात वसंत एखाद्या तारखेला आला असे म्हणता येते. येथे मात्र तो पायथ्याशी येतो आणि मग हळूहळू डोंगर चढू लागतो.

मार्च महिन्यात खालच्या गावांमध्ये जर्दाळू आणि आलुबुखार यांची झाडे पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जातात. त्यांच्या मागोमाग सफरचंदाच्या बागा फुलतात. गावांच्या वरच्या उतारांवर बुरांश नावाचा वृक्ष लाल फुलांचे गुच्छ मिरवू लागतो. ही फुले केवळ पाहण्यासाठी नसतात. डोंगरी लोक त्यांची चटणी करतात आणि त्यांच्या रसाचे सरबतही बनवतात. एप्रिल-मे महिन्यांत वसंत देवदार, कैल आणि ओक यांच्या घनदाट जंगलात पोहोचतो. तेथे अक्रोडाला कोवळी पालवी फुटते, जमिनीवर नेचे उलगडू लागतात आणि झाडांखाली उरलेले बर्फाचे ढीग दिवसेंदिवस लहान होत जातात. मेच्या अखेरीस तो भूर्जवृक्षांच्या वनापर्यंत जातो. त्याच्याही वर वृक्ष संपतात आणि कुरणे सुरू होतात. या उंचावरच्या कुरणांना कुल्लू भागात 'थाच' म्हणतात. तेथील बर्फ वितळून पहिली फुले उमलेपर्यंत जून उजाडतो. तोपर्यंत खाली गावात वसंत संपून गेलेला असतो.

ज्याला फुलांचा बहर पाहायचा आहे त्याने म्हणूनच केवळ महिना ठरवून चालत नाही, उंचीही ठरवावी लागते. मार्चमध्ये बहर पाहून परत गेलेला माणूस मेमध्ये पुन्हा आला आणि हजारभर मीटर वर चढला, तर तोच वसंत त्याला दुसऱ्यांदा भेटतो.

पायी भ्रमंती

उद्यानात मोटारीचा रस्ता नाही. येथे जे काही पाहायचे ते पायांनीच पाहावे लागते. प्रवेशासाठी वनविभागाचा परवाना घ्यावा लागतो आणि सोबत स्थानिक वाटाड्या न्यावा लागतो. तीर्थन खोऱ्यात गुशैणी या गावापासून नदीच्या काठाने जाणारी वाट आठ-दहा किलोमीटरवरील रोला या मुक्कामाच्या जागी पोहोचते. ही वाट वसंतात नवख्या माणसालाही झेपण्याजोगी आहे. रोलाच्या पुढे चढ तीव्र होतो आणि तीन हजार मीटरच्या पलीकडे मे महिन्यातही बर्फ आढळू शकतो. तीर्थन नदीचा उगम आणखी वर आहे. स्थानिक लोक त्याला पवित्र मानतात.

ज्यांना इतकी दगदग नको असेल त्यांच्यासाठी सैंज खोऱ्यातील शांघड हे गाव आहे. देवदारांनी वेढलेले तेथील विस्तीर्ण हिरवे मैदान शंगचूल महादेव या ग्रामदेवतेचे मानले जाते. मैदान देवाचे असल्यामुळे तेथे घाण करू नये, असे बंधन गावाने स्वतःवर आणि पाहुण्यांवर घालून घेतले आहे. निसर्गाला जपण्याचे नियम सरकारच करते असे नाही. काही नियम श्रद्धेतूनही जन्माला येतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

वसंतातील डोंगरवाटांचे काही धोके आहेत आणि त्यांमागची कारणे समजली तर ते टाळता येतात. पहिला धोका ओढ्यांचा. सकाळी जो ओढा गुडघाभर असतो तोच दुपारी कमरेपर्यंत चढलेला दिसतो. पाऊस पडलेला नसतानाही हे का घडते? उन्हाने वरचे बर्फ वितळते आणि ते पाणी काही तासांनी खाली पोहोचते. रात्री थंडीमुळे वितळणे मंदावते, म्हणून पहाटेपर्यंत ओढा पुन्हा उतरतो. यास्तव जाणते लोक ओढे सकाळीच ओलांडतात. दुसरा धोका ओढ्यांवर साचलेल्या बर्फाचा. हिवाळ्यात भक्कम असलेला हा बर्फाचा पूल वसंतात खालून पोखरला जातो आणि वरून मात्र तसाच पांढराशुभ्र दिसतो. त्यावर पाय ठेवण्याआधी वाटाड्या काठीने ठोकून पाहतो. तिसरा धोका हवामानाचा. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर एप्रिल-मेमध्येही अचानक गारा आणि हिमवृष्टी होऊ शकते. म्हणून खाली ऊन असले तरी लोकरीचे कपडे आणि पावसाळी कोट सोबत असावा.

चौथा धोका उंचीचा आहे. जसजसे वर जावे तसतसा श्वासागणिक मिळणारा प्राणवायू कमी होतो. शरीराला याची सवय होण्यास वेळ लागतो. घाईने वर चढणाऱ्याचे डोके दुखू लागते, मळमळ होते, झोप लागत नाही. ही लक्षणे दिसताच पुढे न जाता तेथेच थांबावे आणि ती वाढली तर विनाविलंब खाली उतरावे. खाली उतरणे हाच यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

जुजुरानाची साद

या उद्यानाची कीर्ती ज्या पक्ष्यामुळे जगभर पसरली, त्याला स्थानिक भाषेत 'जुजुराना' म्हणतात. जुजुराना म्हणजे पक्ष्यांचा राजा. इंग्रजीतून त्याचे वेस्टर्न ट्रॅगोपॅन हे नाव रूढ झाले आहे. ईश्वराने हा पक्षी घडवताना साऱ्या पक्ष्यांकडून एकेक पीस मागून घेतले, अशी लोककथा या भागात सांगितली जाते. नराचे काळे डोके, तांबडी मान आणि काळपट अंगावर विखुरलेले पांढरे ठिपके पाहिले की ही कथा कोणी रचली असेल हे सहज उमगते. मादी मात्र करड्या-तपकिरी रंगाची असते. अंड्यांवर बसलेल्या मादीला पाचोळ्यात मिसळून जाता यावे, यासाठी हा साधेपणाच तिच्या उपयोगी पडतो.

जुजुराना हा आपल्या रानकोंबडीच्या आणि मोराच्या कुळातला पक्षी. पश्चिम हिमालयातील जंगलांखेरीज तो कोठेही आढळत नाही, आणि तेथेही त्याची संख्या थोडी आहे. तो हिमाचल प्रदेशाचा राज्यपक्षी आहे. इंद्रधनुषी पिसांचा मोनाल आणि आणखी तीन फेझंट जातींचे पक्षीही याच उद्यानात राहतात. एरवी जुजुराना दाट झुडपांत दडून असतो. परंतु एप्रिल-मे महिन्यांत नर पहाटेच्या अंधारात साद घालू लागतो. ही साद शेळीच्या ओरडण्यासारखी, तर कोणाला हरवलेल्या मुलाच्या रडण्यासारखी वाटते. पक्षी दिसला नाही तरी ती ऐकण्यासाठी पक्षीनिरीक्षक दूरदूरहून येतात.

पक्षीनिरीक्षणाला फारसे साहित्य लागत नाही. एक दुर्बीण, एक वही आणि गप्प बसण्याची तयारी एवढे पुरे. कपडे भडक रंगांचे नसावेत. पहाटे निघावे आणि एका जागी स्थिर राहावे. घरट्याच्या शोधात झुडपे बाजूला सारू नयेत आणि पक्ष्याला फसवून जवळ बोलावण्यासाठी त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवू नये. साद ऐकून धावून आलेला नर आपला वेळ आणि शक्ती नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यात घालवतो. विणीच्या मोजक्या आठवड्यांत ही हानी भरून निघत नाही. मोनालसारखे पक्षी जमिनीवरच घरटे करतात. वाट सोडून चालणाऱ्याचा एक पाय त्यांच्या साऱ्या वर्षाच्या आशेवर पडू शकतो.

नदीकाठी

तीर्थन नदीचे पाणी थंड, स्वच्छ आणि खळाळते आहे. अशा पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळलेला असतो. ट्राउट या माशाला असेच पाणी मानवते. हा मासा मूळचा येथला नव्हे. ब्रिटिशांच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो कुल्लूच्या नद्यांमध्ये आणून सोडण्यात आला आणि येथे रुजला. उद्यानाबाहेरील नदीपात्रात मत्स्यविभागाचा परवाना घेऊन गळाने ट्राउट पकडता येतो.

या छंदालाही ऋतूचे बंधन आहे. ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो. म्हणून नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत त्याची मासेमारी बंद असते आणि मार्चमध्ये, म्हणजे नेमकी वसंताच्या तोंडावर, ती पुन्हा सुरू होते. लहान मासा गळाला लागला तर तो परत पाण्यात सोडावा लागतो. नियम कागदावर असला तरी त्याचे मूळ माशाच्या जीवनक्रमात आहे, हे येथे स्पष्ट दिसते. ज्या काळात एखादा जीव पुढची पिढी घडवत असतो, त्या काळात त्याला एकटे सोडावे, एवढेच या नियमाचे सार आहे.

हे सार समजले की आपण आता एका अवघड प्रश्नापाशी येऊन पोहोचतो.

गुच्छीचा हंगाम

बर्फ वितळून ओल्या झालेल्या जमिनीत, पालापाचोळ्याच्या आड, वसंतात एक अळंबी उगवते. तिचा माथा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो. तिला गुच्छी म्हणतात. आकाशात वीज कडाडली की गुच्छी जमिनीतून वर येते, अशी लोकांची समजूत आहे. गुच्छी शेतात पिकवण्याचे प्रयत्न झाले असले तरी डोंगरातली माणसे आजही ती जंगलात फिरून वेचूनच आणतात. मातीच्या रंगात मिसळून गेलेली ही अळंबी नवख्याला पायाशी असली तरी दिसत नाही. मुरलेली नजर मात्र ती दुरून टिपते. स्त्रिया, मुले, म्हातारी माणसे, सारे घर या कामाला लागते. वेचलेली गुच्छी दोऱ्यात ओवून चुलीवर वाळवतात. वाळल्यावर तिचे वजन अगदी थोडे उरते, पण शहरांत आणि परदेशांत किलोमागे हजारो रुपये मोजून ती घेतली जाते. ज्या घरात थोडीशीच जमीन आहे त्या घराला वर्षभराच्या मीठमिरचीचा, मुलांच्या शाळेचा किंवा औषधपाण्याचा खर्च या काही आठवड्यांतून मिळत असे.

वसंत हा मेंढपाळांच्याही निघण्याचा काळ. कुल्लू भागात त्यांना 'फुआल' म्हणतात. गावोगावची शेळ्या-मेंढ्यांची खिल्लारे एकत्र करून फुआल हिवाळ्यानंतर वर निघत आणि बर्फ जसजसे मागे सरके तसतसे थाचांकडे चढत. शिवाय कडू, पतीश, धूप अशा औषधी व सुगंधी वनस्पतीही लोक जंगलातून काढून आणत. डोंगर चढणाऱ्या वसंताच्या पाठोपाठ माणसेही डोंगर चढत असत. पाहुण्याला जे भ्रमण वाटते, तो त्यांचा व्यवसाय होता.

आता हे चित्र एकत्र पाहावे. एप्रिल-मेमध्ये, त्याच उंचीवर, त्याच जंगलात जुजुराना घरटे बांधतो. त्याच वेळी गुच्छी वेचणारी माणसे पाचोळा चाळत हिंडतात, रात्री मुक्कामाला शेकोट्या पेटवतात, त्यांच्यासोबत कुत्री असतात. त्याच वेळी खिल्लारे वर सरकतात. एकाच उतारावर, एकाच महिन्यात, एकाला आपले पिल्लू वाढवायचे असते आणि दुसऱ्यालाही आपले पिल्लूच वाढवायचे असते. दोघांपैकी कोणाचीही गरज खोटी नाही.

१९९९ चा निर्णय

१९९९ मध्ये उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा या प्रश्नाला कायद्याने एक उत्तर दिले. आपल्या देशातील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात चराई करता येत नाही आणि वनोपजही गोळा करता येत नाही. त्यामुळे आजूबाजूच्या गावांचे हे हक्क संपुष्टात आले. काही कुटुंबांना नुकसानभरपाई मिळाली. ती ठरवताना मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील वन-जमाबंदीच्या नोंदींचा आधार घेण्यात आला. परंतु दरम्यानच्या शंभर वर्षांत घरे वाढली होती, वाटण्या झाल्या होती आणि जुन्या दप्तरात ज्यांच्या पूर्वजांची नावेच नव्हती अशी अनेक कुटुंबेही जंगलावर जगत होती. जंगलाची सर्वांत अधिक गरज ज्यांना होती, त्यांच्यातील कित्येकांकडे दाखवण्यासाठी कागद नव्हता. साहजिकच गावोगाव असंतोष पसरला. माणसांच्या वावराने पक्ष्यांचे नेमके किती नुकसान होते, याविषयी अभ्यासकांतही एकमत नव्हते.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. पार्वती जलविद्युत प्रकल्पासाठी जीवा नाल्याच्या परिसरातील सुमारे दहा चौरस किलोमीटरचा भाग उद्यानाच्या सीमेबाहेर काढण्यात आला. गुच्छी वेचणाऱ्या बाईसाठी सीमारेषा हलली नाही, परंतु विजेच्या प्रकल्पासाठी ती हलू शकली, हा विरोधाभास गावकऱ्यांच्या नजरेतून सुटला नाही. दुसऱ्या बाजूने असेही म्हटले पाहिजे की, उद्यान झाले नसते तर या खोऱ्यांतील देवदारांचे आणि जुजुरानाचे काय झाले असते, याचे उत्तर आज कोणीही छातीठोकपणे देऊ शकणार नाही. संरक्षणामुळे एक मोठे अरण्य अखंड राहिले. मात्र त्याची किंमत जे चुकवत होते, ते त्या अरण्याचे सर्वांत जवळचे शेजारी होते.

हा प्रश्न केवळ हिमालयाचा नाही. सह्याद्रीत चांदोली राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले तेव्हा तेथील वाड्या-वस्त्यांनाही आपली जुनी जागा सोडावी लागली. आपल्या शेजारच्या एखाद्या जंगलाचा इतिहास शोधला तर तेथेही असेच काही सापडण्याची शक्यता आहे.

रोजचा एक रुपया

हक्क गेल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे एक उत्तर इकोझोनमधील स्त्रियांनी शोधले. उद्यान प्रशासनाच्या साहाय्याने गावोगाव महिलांचे बचत गट उभे राहिले. गटातील प्रत्येक स्त्रीने दररोज एक रुपया बाजूला टाकावा, असा साधा नियम होता. रुपया लहान होता. पण जिने आयुष्यात स्वतःच्या नावाने काहीच साठवले नव्हते, तिच्यासाठी तो मोठा होता. या पैशातून गटांनी गांडूळखत तयार करण्यासारखे छोटे उद्योग सुरू केले. गावातील तरुणांनी वाटाड्याचे, स्वयंपाक्याचे आणि सामान वाहून नेण्याचे काम पत्करले. जंगलाची जी खडान्‌खडा माहिती पूर्वी मेंढ्या चारताना किंवा अळंबी वेचताना उपयोगी पडत असे, तीच आता पाहुण्यांना वाट दाखवताना उपयोगी पडू लागली.

यामुळे सर्वांचे सर्व नुकसान भरून निघाले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. वाटाड्याचे काम काही महिन्यांचेच असते आणि ते प्रत्येक घराला मिळत नाही. ज्या बाईची नजर गुच्छी टिपण्यात तरबेज होती, तिला पाहुण्यांचे ओझे उचलण्याचे काम सहसा मिळत नाही. आपत्ती आली तर हा व्यवसायही कोलमडतो. जुलै २०२३ मध्ये बियासच्या खोऱ्यात महापूर आला, त्याचा सैंज खोऱ्यालाही जबर तडाखा बसला. रस्ते तुटले की पाहुणे येत नाहीत, आणि पाहुणे आले नाहीत की चूल पेटण्याची पंचाईत होते. तथापि एक दिशा मात्र या गावांनी दाखवून दिली. जंगल राखायचे असेल तर त्याच्या शेजाऱ्यांचे हित त्या राखण्यातच गुंतलेले असले पाहिजे.

पाहुण्याचे कर्तव्य

आता उद्यानाच्या नियमांकडे पुन्हा एकदा पाहू. स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, हा नियम आपल्याला प्रारंभी केवळ सुरक्षिततेसाठी केलेला वाटला असेल. तो सुरक्षिततेसाठी आहेच. पण वाटाड्याला दिलेली मजुरी ही त्या डोंगरावर पूर्वी चालणाऱ्या चरितार्थाच्या बदल्यात दिलेली अल्पशी भरपाईही आहे. तिच्यात घासाघीस करताना हे आठवले पाहिजे. मुक्काम गावातल्या घरी करावा, जेवणात तेथे पिकणारे धान्य आणि भाजी मागावी. प्लॅस्टिकचा एकही तुकडा मागे ठेवू नये. वर नेलेला प्रत्येक कागद खाली आणावा. शेकोटीसाठी जंगलातील लाकूड तोडू नये. ज्या झाडपाल्यावर हक्क सांगण्यास गावकऱ्यालाही आता मनाई आहे, त्यातील एक फूलदेखील पाहुण्याने खुडून नेणे हा त्याचा उपमर्दच होय.

आपल्यापैकी प्रत्येकाला या उद्यानात जाता येईल असे नाही. परंतु ज्या डोंगरात, ज्या नदीकाठी किंवा ज्या गावाबाहेरच्या माळावर आपण फिरायला जाऊ, तेथे दोन प्रश्न स्वतःला विचारता येतील. या ऋतूत येथे कोण घरटे बांधत आहे? आणि येथे कोणाची भाकरी आहे? ज्याला ही दोन्ही उत्तरे ठाऊक आहेत, त्याचे फिरणे निसर्गाला आणि माणसालाही जड होत नाही.

जूनच्या मध्याला वसंत कुरणांपर्यंत पोहोचतो. मग त्याला चढण्यासाठी केवळ खडक आणि कायमचे बर्फ उरते. तोवर जुजुरानाची पिल्ले झुडपांखाली आईच्या मागे धावू लागलेली असतात, आणि खाली गावात एखादी बाई दिवसाचा एक रुपया बचतीच्या डब्यात टाकत असते. या दोघींनाही पुढचा वसंत पाहता यावा, अशी व्यवस्था करणे हे अवघड काम आहे. ते अजून पुरते साधलेले नाही. परंतु ते कोणा एका खात्याचे किंवा एका गावाचे काम नसून आपणा सर्वांचे आहे, हे ओळखणे ही त्याची सुरुवात होय.